कसा होता हो चित्रपट?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा आला. नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाविषयी घरात, कट्ट्यावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात सहज बोलताना काय बोलावे, आपले मत कितपत खरे धरावे आणि दुसऱ्याचे कितपत, असा प्रश्न निरनिराळ्या वयाच्या वाचकांनी आपापल्या शब्दांत विचारला आहे. बहुतेक पत्रे पुण्यातलीच आहेत. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून या शहरात आली, तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था उभी राहिली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही इथेच सुरू झाले. त्यामुळे चित्रपटावर जिव्हाळ्याने बोलण्याची सवय या गावाला जुनी आहे. पत्रे थोडी संक्षिप्त करून, लिहिणाऱ्यांची नावे न देता, उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी रोज सकाळी कमला नेहरू पार्कमध्ये फिरून झाल्यावर चहाला थांबतो. आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी चित्रपट पाहून आलेला असतो. ‘कसा होता?’ असे विचारले की ‘टाइमपास आहे’, ‘एकदा बघायला हरकत नाही’, ‘जरा संथ आहे’ अशी उत्तरे मिळतात. त्यांवर विसंबून मी गेल्या दोन महिन्यांत तीनदा तिकिटे काढली आणि तिन्ही वेळा पस्तावलो. मित्रांचे मत घ्यावे की घेऊच नये? (निवृत्त बँक कर्मचारी, एरंडवणे)

उत्तर : मित्रांचे मत अवश्य घ्यावे, प्रश्न मात्र बदलावा. ‘कसा होता?’ असे विचारले की माणूस निकाल देतो, कारण तो प्रश्नच निकाल मागणारा आहे. अडीच तासांत त्याने जे पाहिले आणि ऐकले, जिथे तो गुंतला आणि जिथे त्याचे लक्ष उडाले, ते सगळे गाळून तो दोन शब्द तुमच्या हातावर ठेवतो आणि त्या दोन शब्दांच्या भरवशावर तुम्ही तिकीट काढता. ‘टाइमपास’ या शब्दात चित्रपटाविषयी काहीच नसते, बोलणाऱ्याची दुपार कशी गेली एवढेच असते. त्याऐवजी ‘त्यात आहे काय?’, ‘आज सकाळी उठल्यावर त्यातले काय आठवले?’ आणि ‘घड्याळ कधी पाहिलेत?’ असे तीन साधे प्रश्न विचारून पाहा.

उदाहरणासाठी एक कल्पित चित्रपट घेऊ. वाड्याची वाटणी होणार आहे आणि दोन भावांचे पटत नाही, एवढीच कथा आहे असे समजा. एक मित्र सांगतो, ‘संथ आहे, पण बरा आहे.’ दुसरा सांगतो, ‘पहिला पाऊण तास कोणी आवाज चढवून बोलतच नाही. थोरली जाऊ फळीवरचे पितळी डबे एकेक करून खाली उतरवते, डब्यावर कोरलेले नाव पदराने पुसून वाचते आणि दोन ढीग लावते. कोणता डबा कुठल्या ढिगात गेला, यावरूनच आपल्याला वाटणी कशी होणार ते कळते. सासूचे नाव कोरलेला डबा हातात घेऊन ती थांबते, तो प्रसंग मला फार आवडला. पुढे कोर्टातली दृश्ये आली, तिथे मात्र मी दोनदा घड्याळ पाहिले.’ या दुसऱ्या मित्राने चित्रपट चांगला की वाईट हे एका शब्दानेही सांगितलेले नाही, तरीही तुम्ही जावे की न जावे हे तुम्हाला आता ठरवता येते. डब्यांचा तो प्रसंग ऐकून तुमची उत्सुकता वाढली असेल, तर जा. ऐकतानाच कंटाळा आला असेल, तर तोही तुमच्यासाठी पुरेसा कौल आहे.

‘संथ’ या शब्दाविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडे तो सरसकट दोष म्हणून वापरला जातो आणि त्यामुळे कित्येक चांगल्या चित्रपटांचे प्रेक्षक तुटतात. संथ असणे आणि रेंगाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संथ चित्रपटात दृश्य लांबले तरी त्याच्या आत काही तरी सरकत असते. डबे उतरवणाऱ्या त्या बाईचा हात एका डब्यापाशी अडतो आणि आपल्याला तिच्याविषयी नवे काही कळते. रेंगाळणाऱ्या चित्रपटात जी गोष्ट आपल्याला आधीच कळली आहे, तीच आधी संवादातून, मग गाण्यातून आणि मग आठवणीच्या दृश्यातून पुन्हा सांगितली जाते. तुमच्या मित्राला यांतले कोणते म्हणायचे आहे, हे एकदा विचारून घ्या.

आणखी एक सोय तुमच्याकडे आहे, जी वर्तमानपत्रातले परीक्षण वाचणाऱ्याकडे नसते. कट्ट्यावरच्या माणसांची आवड तुम्हाला वर्षानुवर्षांच्या सहवासाने ठाऊक आहे. ज्यांना रहस्यकथांखेरीज काही रुचत नाही, त्यांनी एखाद्या कौटुंबिक चित्रपटाला कंटाळवाणा म्हटले, तर ते त्यांच्या दृष्टीने खरेच असते. तुमच्यासाठी मात्र ती शिफारस ठरू शकते. ज्याच्याशी आपले सतत जमत नाही, पण ज्याचे न जमणे नेहमी एकाच बाजूला असते, अशा मित्राचे मत फार कामाचे असते.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटातील एक गृहस्थ प्रत्येक चित्रपटानंतर ‘कथा छान, पण पटकथेत दम नाही’ असे लिहितात. कथा आणि पटकथा यांत फरक काय? (गृहिणी, बिबवेवाडी)

उत्तर : श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन श्रेये अनेकदा वेगवेगळी दिलेली असतात, तीही बऱ्याचदा तीन वेगळ्या माणसांना. वरचेच उदाहरण पुढे नेऊ. दोन भावांत वाड्याची वाटणी होते, ही कथा. ती वाटणी प्रेक्षकाला आधी डब्यांच्या ढिगांतून दाखवायची, भावांचे भांडण त्यानंतर आणायचे आणि कोर्ट सर्वांत शेवटी, हा क्रम आणि ही निवड म्हणजे पटकथा. सासूचा डबा हातात घेऊन थोरली जाऊ काय बोलते, किंवा काहीच बोलत नाही, हे संवादलेखकाने ठरवायचे. त्या गृहस्थांचे वाक्य चुकीचे नाही, परंतु कोणता प्रसंग आधी हवा होता किंवा कोणता नकोच होता, हे त्यांनी सांगितले तरच त्याचा गटाला उपयोग होईल. तुम्ही त्यांना तसे अवश्य विचारा.

प्रश्न : गेल्या रविवारी सासूबाई आणि मी एक नवा मराठी चित्रपट पाहून आलो. शेवटी त्यांना रडू आवरेना, आणि मला मात्र सगळेच ओढूनताणून आणलेले वाटले. परत येताना रिक्षात त्यांनी विचारले, ‘आवडला ना गं?’ मी ‘हो आई’ म्हणाले, आणि तेव्हापासून ते मनाला लागून राहिले आहे. मी खरे सांगायला हवे होते का? (आयटी कर्मचारी, सिंहगड रस्ता)

उत्तर : रिक्षात तुम्ही ‘हो’ म्हणालात यात गैर काही झाले नाही. डोळे पुसणाऱ्या माणसाला त्या क्षणी मत नको असते, सोबत हवी असते, आणि ती तुम्ही दिलीत. परंतु हे बोलणे तिथेच सोडून देऊ नका. दोन दिवसांनी, भाजी निवडताना किंवा रात्रीची आवराआवर झाल्यावर, ‘आई, तुम्हाला नेमकं कुठे भरून आलं?’ असे विचारा. चित्रपट पाहताना येणारे रडू नेहमी चित्रपटाच्या गुणाचेच असते असे नाही. पुष्कळदा पडद्यावरच्या एखाद्या उंबरठ्याने, एखाद्या पत्राने किंवा इस्पितळातल्या खाटेने आपल्या आयुष्यातले काही तरी हलवलेले असते. ते त्यांनी सांगितले, तर तुमच्या हाती त्या चित्रपटापेक्षा मोठे काही लागेल.

मग तुमचे मतही जरूर सांगा, मात्र ते प्रसंगापुरते ठेवा. ‘सगळंच खोटं वाटलं’ असे म्हटले की त्यांच्या अश्रूंनाच खोटे म्हटल्यासारखे होते. ‘मुलगा परत येतो तेव्हा दार उघडण्याआधीच व्हायोलिनं सुरू झाली, त्यामुळे आता रडायचं आहे हे मला आधीच कळलं आणि माझं मन त्या प्रसंगातून बाहेर पडलं’ असे सांगितले, तर ते तुमच्या अनुभवाचे वर्णन ठरते. त्यात त्यांच्या अनुभवाला कुठेच धक्का नाही.

याच संदर्भात एक आठवण सांगतो. काही वर्षांपूर्वी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात ‘संत तुकाराम’ पाहत होतो. दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली पुण्यातच केलेला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट मी त्याआधीही पाहिला होता, आणि माझे सगळे लक्ष दर वेळी तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्यावरच्या शांततेकडे असे. गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई नवऱ्यावर करवादू लागली की प्रेक्षकांत हशा पिकतो, तसा तेव्हाही पिकला. माझ्या शेजारी नऊवारी नेसलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. पडद्यावरची नजर न काढता त्या हळूच म्हणाल्या, ‘तिचं काय चुकलं हो? चूल तर तिलाच पेटवायची होती.’ त्या एका वाक्यानंतर मला उरलेला चित्रपट जिजाईच्या बाजूने दिसू लागला, आणि आजही तो मी तसाच पाहतो. आजींनी मला चित्रपटाविषयी काही पटवून दिले नव्हते. त्यांना जे दिसले ते त्यांनी म्हटले, एवढेच. सासूबाई आणि तुमच्यामध्येही असे काही घडू शकते, आणि त्यासाठी दोघींचे मत एक होण्याची मुळीच गरज नाही.

प्रश्न : आम्ही दोघे हल्ली चित्रपट घरीच टीव्हीवर पाहतो. नव्या चित्रपटांतले संवाद ऐकूच येत नाहीत, गाणी आणि हाणामारी मात्र कानठळ्या बसवतात. शिवाय मोठा नवा टीव्ही घेतल्यापासून कुठलाही चित्रपट मालिकेसारखा दिसतो. मी मुलाला म्हणालो, की आजकालच्या लोकांना चित्रपट करताच येत नाहीत. तो चिडला. माझे काही चुकले का? (निवृत्त शिक्षक, औंध)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, परंतु बराचसा दोष चित्रपटाचा नसून तो तुमच्यापर्यंत ज्या मार्गाने पोहोचतो त्या मार्गाचा आहे. हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण अशा कारणांमुळे चांगल्या चित्रपटांवर रोज अन्याय होतो आणि तो करणाऱ्याच्या ते ध्यानीही येत नाही.

आधी आवाजाचे पाहू. चित्रपटगृहासाठी ध्वनी तयार करताना तो निदान सहा वाहिन्यांत विभागलेला असतो : समोर डावी, मधली आणि उजवी, प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि खोल घुमणाऱ्या आवाजांसाठी एक स्वतंत्र. फाइव्ह पॉइंट वन म्हणतात ते हेच. माणसांचे बोलणे मुख्यतः मधल्या वाहिनीतून, म्हणजे पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येते. घरच्या टीव्हीला बहुधा दोनच लहान स्पीकर असतात, तेही पाठीमागे किंवा तळाशी तोंड करून बसवलेले. सहा वाहिन्यांचा आवाज त्या दोघांत कोंबला जातो आणि त्या गर्दीत बोलणे संगीताखाली दबते. टीव्हीच्या किंवा ॲपच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन फाइव्ह पॉइंट वनऐवजी ‘स्टिरिओ’ निवडा. संवाद स्पष्ट करण्याचा पर्याय दिलेला असेल, तर तोही सुरू करा. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

आता दिसण्याचे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या गतीने चित्रित होतो, आणि त्या गतीत हालचालीला जो किंचित धूसर, स्वप्नासारखा भाव येतो त्याला आपले डोळे पिढ्यान्‌पिढ्या सरावलेले आहेत. नव्या टीव्हीमध्ये हालचाल गुळगुळीत करण्याची सोय बहुधा कारखान्यातूनच चालू करून दिलेली असते. टीव्ही दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी घालतो आणि सगळे चित्र स्टुडिओत व्हिडिओवर चित्रित केलेल्या मालिकेसारखे दिसू लागते. क्रिकेटच्या सामन्याला ही सोय चालते. चित्रपटाची मात्र ती रयाच घालवते. चित्राच्या सेटिंगमध्ये ज्याच्या नावात ‘मोशन’ हा शब्द आहे असा पर्याय शोधा आणि बंद करा. काही टीव्हींवर ‘फिल्ममेकर मोड’ असतो. तो निवडला की हे आपोआप होते.

चित्रपटगृहातही असे घडते, आणि ते मी स्वतः भोगले आहे. पुण्यातल्याच एका चित्रपटगृहात मी एक नवा चित्रपट पाहिला. पात्रांचे बोलणे विहिरीतून आल्यासारखे वाटत होते आणि पाऊस, रहदारी, तबला हे सगळे मात्र दोन्ही बाजूंनी स्वच्छ ऐकू येत होते. मध्यंतरात कोणी काही बोलले नाही, मीही बोललो नाही. घरी येऊन मी चार जणांना सांगितले, की चित्रपटाचे ध्वनिमुद्रण गचाळ आहे आणि नटांना शब्द टाकता येत नाहीत. पंधरवड्याने दुसऱ्या ठिकाणी एका स्नेह्याच्या आग्रहाने तोच चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा नायिकेचा शब्द न् शब्द कानावर आला. पहिल्या ठिकाणी मधला स्पीकर बंदच होता, हे मला तेव्हा कळले. ज्या चौघांना मी ते मत दिले होते, त्यांना फोन करून मी ते मागे घेतले. तोपर्यंत त्यांच्यापैकी दोघांनी तो चित्रपट पाहायचा बेत रद्द केला होता आणि चित्रपटही उतरला होता. तेव्हापासून, पडदा काळोखा दिसला किंवा बोलणे ऐकू आले नाही, तर मी मध्यंतराची वाट न पाहता उठून बाहेर जातो आणि तिथल्या कर्मचाऱ्याला सांगतो. पडद्यावर किती उजेड असावा याचे प्रमाण ठरलेले आहे. पांढऱ्या पडद्यावर दर चौरस मीटरला ४८ कँडेला (हे उजेड मोजण्याचे एकक) इतका तो असायला हवा, आणि प्रक्षेपकाचा दिवा जुना झाला की तो घटतो. प्रेक्षकाने तक्रार केली तरच ते कोणाच्या लक्षात येते.

तेव्हा मुलाशी बोलताना ‘मला संवाद ऐकू आले नाहीत’ असे म्हणा. ते शंभर टक्के खरे आहे, आणि मुलगा रिमोट घेऊन तुमच्या शेजारी येऊन बसेल.

प्रश्न : एक गाजलेला मल्याळम चित्रपट मी हिंदी डबिंगमध्ये पाहिला. संवाद बाळबोध वाटले आणि अभिनयही ठोकळेबाज. मित्र म्हणतो, की तू तो चित्रपट पाहिलाच नाहीस. हे पटत नाही. (विद्यार्थी, शिवाजीनगर)

उत्तर : तुमच्या मित्राचे म्हणणे टोकाचे आहे, परंतु त्यात तथ्य आहे. डबिंगमध्ये भाषांतरकाराला ओठांच्या हालचालीत बसतील एवढेच आणि तसेच शब्द घ्यावे लागतात. मूळ वाक्य चार शब्दांत संपत असेल आणि हिंदीत त्याला सात लागत असतील, तर तीन शब्द कापले जातात. आणि मूळ वाक्य लांब असेल, तर ‘देखो’, ‘सुनो’, ‘मतलब’ अशी भर घालून तोंड हलते ठेवावे लागते. बाळबोधपणा बराचसा इथून येतो. अभिनयाचे तर विचारूच नका, कारण नटाचा निम्मा अभिनय आवाजात असतो आणि तो आवाज तुम्ही ऐकलेलाच नाही. उपशीर्षकेही निर्दोष नसतात; वाचायला वेळ मिळावा म्हणून दोन ओळींत मावेल एवढेच त्यांत येते, आणि कोणी कोणाला आदराने बोलते आहे की सलगीने, हे इंग्रजी उपशीर्षकांतून सहसा निसटते. तरीही नटाचा खरा आवाज तिथे असतो.

तेव्हा कथेची गुंफण, दृश्यांची मांडणी, छायाचित्रण यांविषयीचे तुमचे मत तुम्ही बेधडक सांगा. संवाद आणि अभिनय यांविषयी बोलण्याआधी तोच चित्रपट मूळ भाषेत लावून, तुम्हाला सर्वांत खटकलेली दहा मिनिटे पुन्हा पाहा. त्यानंतरही मत तेच राहिले, तर ते मित्राला ठामपणे ऐकवा.

प्रश्न : मला मनापासून आवडलेला एक मराठी चित्रपट आठवड्यात उतरला. वर्गातले सगळे म्हणतात, फ्लॉप गेला म्हणजे वाईटच असणार. माझीच आवड बेताची आहे का? (विद्यार्थिनी, कर्वेनगर)

उत्तर : मुळीच नाही. गल्ल्याच्या आकड्यावरून किती तिकिटे विकली गेली ते कळते, आणि तिकिटे किती विकली जातील हे किती पडदे मिळाले, कोणत्या वेळेचे खेळ मिळाले आणि त्याच शुक्रवारी समोर कोण होते यावर फार अवलंबून असते. मराठी चित्रपटाला सकाळचा किंवा भर दुपारचा एकच खेळ मिळतो, ही तक्रार इतकी जुनी आहे, की २०१५ साली राज्य सरकारला मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवण्याविषयी निर्णय घ्यावा लागला होता. नोकरी करणारा माणूस मंगळवारी सकाळी अकराच्या खेळाला जाऊ शकला नाही, हे त्याने त्या चित्रपटाविषयी दिलेले मत नव्हे. तुमच्या वर्गातल्या किती जणांनी तो पाहिला, हे आधी विचारा. ज्यांनी पाहिला असेल त्यांच्याशी वाद घाला, आणि ज्यांनी पाहिला नसेल त्यांना तुम्हाला आवडलेला एक प्रसंग सांगा.

प्रश्न : शेजारच्या काकांनी लिफ्टमध्येच चित्रपटाचा शेवट सांगून टाकला. तिकिटे काढलेली होती. यावर काही उपाय? (वाचक, कोथरूड)

उत्तर : आपल्याकडच्या चित्रपटाला मध्यंतर असते, ही या बाबतीत मोठीच सोय आहे. मध्यंतरापर्यंतचे सांगावे आणि त्यापुढचे समोरच्याने पाहिले असेल तरच बोलावे, असा पायंडा घराघरांत पडायला हवा. काकांना तसे आदराने सांगून ठेवा. तिकिटे मात्र फुकट घालवू नका. ज्या चित्रपटाची सगळी भिस्त खुनी कोण यावरच आहे, त्याचे नुकसान झाले हे खरे. परंतु सगळेच चित्रपट तसे नसतात. २००४ साली आलेला ‘श्वास’ पाहायला गेलेल्या बहुतेकांना ठाऊक होते, की शस्त्रक्रियेने त्या मुलाचा जीव वाचणार आहे आणि दृष्टी जाणार आहे. तरीही प्रेक्षकांनी तो श्वास रोखून पाहिला, कारण त्याआधीचा एक दिवस आजोबा नातवाला काय काय दाखवतात, यात त्या चित्रपटाचा जीव होता.

प्रश्न : मैत्रिणीने ‘मुलांना न्यायला हरकत नाही’ असे सांगितल्यामुळे आठ वर्षांच्या मुलाला नेले. तो घाबरला आणि दोन रात्री झोपला नाही. (पालक, वारजे)

उत्तर : मुलांच्या बाबतीत सांगोवांगीवर जाऊ नये. २०२३ च्या कायदेदुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन प्रकार झाले आहेत, आणि तिकीट काढताना ते ॲपवर दिसतात. आधी ते पाहा. मैत्रिणीलाही ‘हरकत आहे का?’ असे न विचारता ‘अंधार, रक्त, लहान मुलाला इजा, आईबापांचा मृत्यू यांतले काही आहे का?’ असे विचारा. तुमचा मुलगा कशाला घाबरतो हे तुम्हालाच माहीत आहे, तिला नाही.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. पत्नी होती तेव्हा आम्ही अलका टॉकीजला चित्रपट पाहून लकडी पुलावरून चालत प्रभात रस्त्यावरच्या घरी येत असू. घर येईपर्यंत चित्रपटावर बोलणे चाले, आणि तिचे मत बहुधा माझ्या उलट असे. आता मी एकटाच जातो. चित्रपट आवडतो, परंतु बाहेर पडल्यावर बोलायला कोणी नसते, आणि मग पाहिलेला चित्रपट आठवड्याभरात पुसून जातो. मुलगा परदेशी आहे. त्याच्याशी फोनवर बोलतो, पण त्याने तो चित्रपट पाहिलेला नसतो. काय करावे? (वाचक, प्रभात रस्ता)

उत्तर : तुमचे पत्र मी अनेकदा वाचले. चित्रपट घरी पोहोचेपर्यंत बोलून पुरा होतो, हे तुम्ही ज्या साधेपणाने लिहिले आहे, तसे मला कधी लिहिता आले नसते.

पुण्यात एकट्याने येऊन इतरांबरोबर चित्रपट पाहणारी पुष्कळ माणसे आहेत, आणि ती कुठे भेटतात हे ठरलेले आहे. आशय फिल्म क्लब वर्षानुवर्षे सभासदांना देशोदेशीचे चित्रपट दाखवत आला आहे, आणि अशा ठिकाणी खेळ संपल्यावर दारापाशी उभे राहून बोलणारे घोळके हमखास असतात. चित्रपट संग्रहालयाचे सभागृह तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २००२ पासून सुरू असलेला पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव बहुधा जानेवारीत होतो. तिथे पुढच्या खेळासाठी रांगेत उभे असताना अनोळखी माणूस सहज विचारतो, ‘सकाळचा पाहिलात का?’ तुमच्यापेक्षा पन्नास वर्षांनी लहान असलेली मुलेसुद्धा विचारतात. त्या रांगेत एकदा उभे राहून पाहा.

मुलाच्या बाबतीत एक सुचवतो. आता नवे चित्रपट ॲपवर बऱ्याचदा परदेशातही उपलब्ध होतात. महिन्यातून एक चित्रपट दोघांनी ठरवा, त्याने तिकडे पाहावा आणि तुम्ही इकडे, आणि रविवारी फोनवर त्यावर बोला. तुमचे पटले नाही तर उत्तम.

आणि एक वही करा. तारीख, ठिकाण, लक्षात राहिलेला एक प्रसंग आणि न पटलेली एक गोष्ट, एवढेच घरी आल्याबरोबर लिहा. ते लिहून झाल्यावर, तुमच्या पत्नी यावर काय म्हणाल्या असत्या, तेही खाली लिहीत जा. इतकी वर्षे त्या पुलावरून सोबत चालताना तुम्ही ते ऐकले आहे. तुम्हाला ते नक्की माहीत असेल.